जुन्या सायकलीचा चिमटा: सुटा भाग शोधावा कसा?

माळ्यावर पडलेली काळी सायकल खाली काढली, धूळ झटकली, टायर-ट्यूब बदलल्या, चेनला तेल पाजले. पण हँडल सरळ धरूनही सायकल एका अंगाला ओढते. खाली वाकून पाहिले की कळते, पुढचा चिमटा वाकला आहे. मग हमखास विचारला जाणारा प्रश्न येतो: चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या सायकलीचा चिमटा आता कुठे मिळणार?

बहुतेक वेळा तो मिळतो. मात्र दुकानात जाऊन सायकलीचे नाव सांगितल्याने मिळत नाही. हातात मापांची चिठ्ठी लागते. शिवाय कोणता भाग शोधायचा, कोणता लेथवर घडवून घ्यायचा आणि कोणता बिनशर्त टाकून द्यायचा, हे आधी ठरलेले असावे लागते. हे प्रकरण त्याच क्रमाने जाते.

१. चिमटा म्हणजे नेमके काय?

सायकलीच्या सांगाड्यातला हलणारा एकमेव मोठा भाग म्हणजे पुढचा फोर्क. मिस्त्री त्याला चिमटा म्हणतात. त्याचे तीन भाग असतात. चाकाच्या दोन्ही बाजूंनी खाली येणारे ते पाय. पायांना वर जोडणारा जाड सांधा म्हणजे क्राऊन. क्राऊनमधून वर निघून फ्रेमच्या हेड ट्यूबमध्ये शिरणारी नळी म्हणजे दांडा. दांड्याच्या वरच्या टोकाला बाहेरून आटे पाडलेले असतात.

दांडा हेड ट्यूबमध्ये नुसता उभा राहत नाही. वर आणि खाली वाटीसारखे कप, त्यांत पोलादी छर्रे आणि छर्रे ज्यांवर फिरतात त्या कठीण पृष्ठभागाच्या रेस असतात. खालची रेस क्राऊनवर ठोकून घट्ट बसवलेली असते. वरची रेस आट्यांवर फिरवून बसवतात आणि लॉकनटने जखडतात. जुन्या सायकलींत या लॉकनटखालीच दिव्याची पट्टी असते. हँडलची दांडी वरून या नळीत उतरते आणि तळाशी असलेल्या शंकूसारख्या ‘कोना’मुळे आतून फुगून घट्ट होते.

‘चिमटा खराब झाला’ या तक्रारीत यांपैकी कोणताही भाग असू शकतो. म्हणून खरेदीच्या आधी निदान हवे.

२. दोष ओळखणे

सर्वांत सोपी चाचणी चाक उलटे लावण्याची. पुढचे चाक काढून डावी बाजू उजवीकडे करून पुन्हा बसवावे. दोन्ही वेळा रिम एकाच पायाकडे सरकलेली दिसली, तर दोष चिमट्यात आहे. चाक उलटल्यावर रिमही दुसऱ्या पायाकडे सरकली, तर चिमटा ठीक आहे. चाकाच्या तारा ओढून आऊट काढला की काम झाले. अनेक चांगले चिमटे ही चाचणी न केल्यामुळे भंगारात जातात.

दुसरी तपासणी बाजूने पाहण्याची. बहुतेक जुन्या चिमट्यांचे पाय क्राऊनपासून काही अंतर दांड्याच्या सरळ रेषेत येतात आणि तळाशी पुढे वळतात. समोरून धडक बसली असेल, तर पाय क्राऊनखालीच मागे झुकलेले दिसतात. त्या जागी रंगाला आडव्या सुरकुत्या पडतात किंवा रंगाचे पापुद्रे निघतात.

तिसरी तपासणी तड्याची. क्राऊन आणि पायाचा सांधा साफ करून त्यावर रॉकेल किंवा डिझेल लावावे, दहा-पंधरा मिनिटांनी कोरडे पुसावे आणि खडूची पूड चोळावी. तडा असेल तर आत शिरलेले तेल बाहेर झिरपते आणि पांढऱ्या पुडीवर काळपट रेघ उमटते. कारखान्यांत ओतीव भाग तपासण्यासाठी ही जुनी पद्धत वापरली जात असे. घरी तिला खर्च जवळजवळ नाही.

चौथा दोष हाताला कळतो. पुढचे चाक उचलून हँडल हळूहळू फिरवले आणि ते मधोमध येताच खाचेत बसल्यासारखे अडले, तर रेसवर छर्र्यांचे खड्डे पडले आहेत. तेव्हा चिमटा तसाच ठेवून कप, रेस आणि छर्रे बदलावेत.

निर्णय असा: पायांच्या तळाशी थोडा बाक गेला असेल, तर कुशल मिस्त्री पोलादी चिमटा थंड अवस्थेत एकदा सरळ करू शकतो. क्राऊनपाशी वाक, सुरकुती किंवा तडा असेल, तर तो चिमटा पुन्हा रस्त्यावर आणू नये. मागचा भाग मोडला तर सायकल थांबते. चिमटा मोडला तर स्वार तोंडावर आपटतो.

३. सायकल कुठली, हे का पाहावे?

महाराष्ट्रात सापडणाऱ्या जुन्या सायकली ढोबळ मानाने दोन गटांत पडतात. पहिला गट इंग्लंडमधून आलेल्या सायकलींचा: नॉटिंगहॅमची रॅले, बर्मिंगहॅमची बीएसए, तसेच हंबर, रज, फिलिप्स, हर्क्युलिस. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या काळातली सायकल घरात असेल, तर ती या गटातली असण्याची शक्यता बरीच.

दुसरा गट भारतात तयार झालेल्या सायकलींचा. मुंबईत वरळीला हिंद सायकल्सचा कारखाना होता. आसनसोलला सेन-रॅले, मद्रासजवळ अंबत्तूरला टीआय सायकल्स, सोनिपतला अ‍ॅटलस, लुधियानात हीरो आणि एव्हन. हिंद आणि सेन-रॅले या दोन्ही कंपन्यांचे १९८० मध्ये राष्ट्रीयीकरण झाले आणि पुढे त्या बंद पडल्या. अ‍ॅटलसच्या साहिबाबाद कारखान्याचे काम जून २०२० मध्ये थांबले. मात्र अठ्ठावीस इंची चाकांच्या, रॉड ब्रेकच्या काळ्या सायकलीची घडण लुधियानात आजही चालू आहे आणि ती मूळ इंग्लिश नमुन्यावरच बेतलेली आहे. म्हणून भारतीय बनावटीच्या साध्या सायकलीला नवा चिमटा मिळणे अवघड नाही. खरा शोध घ्यावा लागतो तो इंग्लिश सायकलींसाठी आणि हलक्या स्पोर्ट्स सायकलींसाठी.

हेड ट्यूबवरचा बिल्ला एवढी दिशा दाखवतो. त्यापुढे मात्र त्याच्यावर विसंबू नये. पन्नास वर्षांत चिमटा एकदा बदललेला असू शकतो, आणि ‘रॅले’ हे नाव नॉटिंगहॅमच्याही सायकलीवर आहे आणि आसनसोलच्याही. शेवटचा शब्द मापाचा.

४. चिठ्ठीवरची पाच मापे

*पहिले: चाक.* काळ्या सायकलीचे चाक २८ × १½, म्हणजे टायर जिथे बसतो तिथे रिमचा व्यास ६३५ मिमी. २६ × १⅜ चाकाचा तोच व्यास ५९० मिमी. टायरची उंची धरली तर दोन्ही चाकांच्या त्रिज्येत सुमारे २५ मिमीचा फरक पडतो. सव्वीसच्या चिमट्यात अठ्ठावीसचे चाक घातले, तर टायर क्राऊनला घासेल.

*दुसरे: दांड्याची लांबी.* हेड ट्यूबची लांबी आणि कप, रेस, दिव्याची पट्टी, लॉकनट यांनी व्यापलेली उंची यांची बेरीज करावी. समजा हेड ट्यूब १३० मिमी आणि बाकीची उंची ३५ मिमी. तर दांडा १६५ मिमी हवा. मिळालेला दांडा १८५ मिमी असेल तर वरचे २० मिमी कापता येतात, पण कापल्यावर वरची रेस आणि लॉकनट बसतील एवढे आटे उरले पाहिजेत. आटे मुळात ४० मिमी असतील तर २० उरतात आणि काम अडू शकते. अशा वेळी थोडे कमी कापून उरलेली उंची वॉशरने भरावी. १५० मिमीचा दांडा मात्र सोडून द्यावा. तुकडा जोडून दांडा लांबवण्याचा सल्ला कोणी दिला तरी ऐकू नये.

*तिसरे: खालच्या रेसची बैठक.* क्राऊनवर रेस ठोकतात त्या जागेचा व्यास. आंतरराष्ट्रीय मानकात तो २६.४ मिमी, जपानी मानकात २७.० मिमी. फरक ०.६ मिमीचा, तरी निर्णायक. मोठी बैठक लेथवर घासून लहान करता येते. लहान बैठक मोठी करता येत नाही.

*चौथे: पायांतील अंतर.* चाकाचा ॲक्सल बसतो त्या दोन खाचांच्या आतल्या बाजूंमधले अंतर. आजच्या पुढच्या हबला १०० मिमी लागतात. जुन्या साध्या सायकलींत ते ९० ते ९६ मिमीच्या आसपास असते. दोन-तीन मिलिमीटरचा फरक पोलादी पाय सारखे फाकवून भरून काढता येतो.

*पाचवे: ब्रेक.* रॉड ब्रेकची घोडी आणि तिचे मार्गदर्शक क्लिप पायांवर बसतात, म्हणून पायांची जाडी आणि आकार जुळावा लागतो. कॅलिपर ब्रेकला क्राऊनमधून आरपार भोक लागते. रॉड ब्रेकच्या चिमट्यात ते असेलच असे नाही.

५. आट्यांचा घोळ

सर्वाधिक फसगत आट्यांत होते. बहुतेक जुन्या इंग्लिश आणि भारतीय चिमट्यांच्या दांड्याचा बाहेरचा व्यास एक इंच, म्हणजे २५.४ मिमी, आणि एका इंचात २४ आटे. नॉटिंगहॅमच्या रॅलेने मात्र आपल्या सायकलींसाठी एक इंचात २६ आट्यांचे स्वतःचे माप ठेवले होते. दोन्हींची जाडी तीच, त्यामुळे व्हर्निअर लावून काहीच कळत नाही. चोवीसचा नट सव्वीसच्या दांड्यावर एक-दोन फेरे गोड फिरतो आणि मग अडतो. शर्टाचे पहिले बटण चुकीच्या काजात गेले की चूक शेवटी कळते, तसे. जोर लावला तर दोन्हींचे आटे जातात.

उपाय मोजणीचा आहे. दांड्यावर पट्टी धरून अर्ध्या इंचात, म्हणजे १२.७ मिमीत, किती आटे येतात ते मोजावेत. १२ आले तर चोवीस, १३ आले तर सव्वीस. टर्नरकडे पिच गेज असतो. त्याचे दाते आट्यांत बसवून पाहिले की क्षणात निकाल लागतो.

सव्वीसच्या दांड्यावर चोवीसचे नवे आटे पाडता येणार नाहीत का? नाहीत. दांड्याचा बाहेरचा व्यास २५.४ आणि आतला २२.२ मिमी, म्हणजे भिंतीची जाडी फक्त १.६ मिमी. त्यातला अर्धा मिलिमीटर आट्यांच्या खोलीत जातो आणि जेमतेम एक मिलिमीटर पोलाद उरते. त्यावर दुसरे आटे चालवले की जुने-नवे एकमेकांना छेदतात आणि पकडच राहत नाही. याच कारणाने हँडलच्या दांडीचा कोन आट्यांच्या बराच खाली उतरलेला असावा. तो आट्यांपाशीच फुगवला, तर सर्वांत पातळ जागीच नळीला ताण बसतो.

यातून खरेदीचा एक नियम निघतो: जुना चिमटा घेताना त्याची वरची रेस आणि लॉकनट त्याच्यासोबतच घ्यावेत.

६. पायांचा बाक

मापे जुळूनही कधी कधी सायकल परक्यासारखी चालते. त्याचे कारण पायांच्या पुढच्या वळणात असते. दांड्याची रेषा खाली जमिनीपर्यंत वाढवली, तर ती टायर टेकतो त्याच्या थोडी पुढे टेकते. या दोन बिंदूंमधल्या अंतराला ट्रेल म्हणतात. ट्रेलमुळेच चाक आपोआप सरळ राहू पाहते. पायांचा बाक जितका जास्त, तितका ट्रेल कमी आणि हँडल हलके.

काळ्या सायकलीची हेड ट्यूब जमिनीशी समजा ६७ अंशांचा कोन करते आणि बाक ७५ मिमी आहे. तेव्हा ट्रेल सुमारे ७ सेंमी येतो. त्याच सायकलीला ४५ मिमी बाकाचा आजचा चिमटा लावला तर ट्रेल सुमारे १० सेंमी होतो. सावकाश जाताना हँडल जड लागते आणि वळणावर आत पडू पाहते. म्हणून नवा चिमटा घेताना तो जुन्याशेजारी आडवा ठेवून दोन्हींचा बाक पाहावा.

७. जालन्यात शोध: भट्टीच्या आधी

मापांची चिठ्ठी तयार झाली की प्रत्यक्ष शोध सुरू होतो; उदाहरण म्हणून जालना घेऊ. जालना औद्योगिक वसाहत बियाण्यांबरोबर पोलादासाठी ओळखली जाते. इथल्या इंडक्शन भट्ट्यांत भंगार आणि स्पंज आयर्न वितळवून बिलेट बनतात आणि रोलिंग मिलमध्ये त्यांच्या बांधकामाच्या सळया होतात. जुन्या सायकलीच्या दृष्टीने याचे दोन अर्थ आहेत. एक म्हणजे भंगार या गावाकडे येते. दुसरा म्हणजे आलेले भंगार फार दिवस थांबत नाही. भट्टीच्या हिशेबात चिमटा म्हणजे किलोभर लोखंड. त्याचे आटे चोवीसचे की सव्वीसचे, याला तिथे किंमत नाही.

म्हणून शोध भट्टीच्या दारात करून उपयोग नाही. तोपर्यंत माल दाबलेला, चेपलेला असतो. तो साखळीच्या पहिल्या कडीपाशी करावा: गल्लीतला फेरीवाला आणि वस्तीतले छोटे भंगार दुकान. ‘सायकलीचे काही आले तर ठेव’ असे मोघम सांगण्यापेक्षा मापांची चिठ्ठी आणि फोन नंबर देऊन ठेवावा आणि भंगाराच्या भावापेक्षा जास्त द्यायची तयारी दाखवावी. अख्खी सायकल मिळत असेल, तर चिमट्यापुरता सौदा करू नये. त्याच सायकलीतून जुळणारे कप, रेस, नट, मडगार्डच्या काड्या आणि ब्रेकची घोडी मिळते.

दुसरी जागा जुन्या सायकल दुरुस्तीच्या दुकानांचे माळे. कारखान्यांत पाळीला कामगार सायकलवरून जात तेव्हापासूनच्या दुकानात न खपलेला कप-रेसचा संच आजही निघू शकतो.

८. जालन्याबाहेर

पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार आणि मुंबईचा चोर बाजार ही जुन्या भागांची प्रसिद्ध ठिकाणे. तिथे चिमटा हातात घेऊन मोजता येतो, हा मोठा फायदा. दुकानी नवा माल हवा असेल, तर दिल्लीचे झंडेवालान आणि लुधियाना हे घाऊक सायकल बाजार आहेत. स्थानिक दुकानदार आपल्या मालासोबत एखादा नग मागवून देऊ शकतो. मागवताना चाक, दांड्याची लांबी आणि आटे लिहून द्यावेत.

मूळ भाग कसा दिसत असे हेच ठाऊक नसेल, तर पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांचे सायकल संग्रहालय आहे. तिथे दुसऱ्या महायुद्धातल्या छत्रीधारी सैनिकांसाठी बनलेल्या बीएसए सायकलीसह अनेक जुन्या सायकली पाहता येतात. क्राऊनचा आकार, रंगावरच्या सोनेरी रेषा आणि दिव्याच्या पट्टीची जागा अशा गोष्टी वर्णनापेक्षा डोळ्यांनी लवकर कळतात.

९. काय शोधावे, काय घडवावे

रोलिंग मिलचे रोल कातून त्यांवर खाचा पाडणे हे लेथचे काम. म्हणून ज्या गावात मिल आहेत तिथे कसलेले टर्नर असतात. जुन्या सायकलीला या कौशल्याचा उपयोग होतो, पण ठरावीक मर्यादेत.

लॉकनट, वॉशर, दिव्याची पट्टी, हँडलचा कोन आणि बोल्ट हे भाग लेथवर निर्धास्त घडवता येतात. सव्वीस आट्यांचा नट हवा असेल, तर आधी विचारावे की लेथच्या गिअरमध्ये तो पिच बसतो का; हे माप नेहमीच्या कामात क्वचितच लागते.

कप आणि रेस विकतच घ्याव्यात. त्यांचा पृष्ठभाग खास कठीण केलेला असतो. साध्या पोलादात कातलेली रेस दिसायला हुबेहूब असली, तरी थोड्याच दिवसांत तिच्यावर छर्र्यांचे खड्डे पडतात.

चिमट्याचे पाय आणि दांडा घडवू नयेत, जोडू नयेत. मूळ चिमटे पितळी झाळ देऊन जोडलेले असतात. ती पोलाद न वितळवता सांध्यात शिरते. आर्क वेल्डिंगची धग पातळ नळीला भोक पाडते किंवा टाक्याशेजारचा पट्टा कमकुवत करते. मोडलेल्या पायात सळईचा तुकडा घालून टाके मारणे हा सर्वांत घातक उपाय. सळई वाकत नाही, पण ती संपते तिथे सगळा ताण एका रेषेत जमा होतो आणि नळी तिथेच तुटते.

१०. बसवणी आणि शेवटची तपासणी

नवा चिमटा बसवताना कप आणि रेस साफ करून ग्रीस भरावे आणि सगळे छर्रे नवे घालावेत. जुने-नवे छर्रे एकत्र घातले की भार थोड्याच छर्र्यांवर येतो. छर्र्यांचा आकार ५/३२ की ३/१६ इंच, हे कपाप्रमाणे ठरते, म्हणून जुना छर्रा नमुना म्हणून न्यावा.

वरची रेस हाताने फिरवून टेकवावी, किंचित मागे घ्यावी आणि ती धरून ठेवून लॉकनट आवळावा. मग पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवावी. हेड ट्यूबपाशी खटखट जाणवली तर बसवणी सैल आहे. पुढचे चाक उचलल्यावर हँडल आपल्या वजनाने दोन्हीकडे पडले नाही, तर ती जास्त आवळली गेली आहे. या दोन्हींच्या मधली जागा हीच बरोबर. नवे कप पहिल्या काही दिवसांत बैठकीत अजून दबतात, म्हणून आठवड्याभराने हीच तपासणी पुन्हा करून लॉकनट एकदा आवळावा.

शेवटी पाचही मापे आणि आट्यांची संख्या कागदावर लिहून तो कागद हँडलच्या दांडीत गुंडाळून ठेवावा किंवा सायकलीच्या कागदपत्रांत लावावा. पुढे कधी रेस किंवा नट लागला, तर सायकल न उघडता योग्य भाग मागवता येतो.